हेन्डरसनच्या नाटकातला हबशी

न्यूझीलंडहून आल्यापासून मुरूडात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय बाई, मेंढ्या पाहिल्यात का?" पाहिल्या हो. मेंढ्या पाहिल्या, जमिनीतून उकळतं पाणी येतं ते पाहिलं, फेब्रुवारीत भर उन्हाळा पाहिला. पण ते सगळं तुम्हाला टीव्हीवरही दिसतं. मला सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि मी ते रागाने सांगणार आहे. "राग उतरला की लिही," असं आमचे हे म्हणत होते. पण उतरायची वाट बघत बसले असते तर लिहिणंच झालं नसतं.

मी कोण ते आधी सांगते. मुरूडच्या शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. खिडकीतून समुद्रातला जंजिरा दिसायचा. त्या किल्ल्याचे मालक सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले. माझ्या वर्गातही सिद्दी मुलं असायची, आपल्यासारखंच मराठी बोलणारी आणि आपल्यासारखाच अभ्यासाचा कंटाळा करणारी. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे गावाला ठाऊक आहे. परदेशात गेल्यावर तो थंड हवेने निवळेल, असं आमच्या ह्यांना वाटलं होतं. डोंबल निवळतोय!

रोटोटुना

माझी मुलगी मृणाल हॅमिल्टनला हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. जावई निखिलराव पुण्याचे, आयटीत. रोटोटुना हे हॅमिल्टनच्या उत्तरेचं नवं उपनगर. कोरी करकरीत घरं, कापलेलं गवत, आणि रस्त्यावर माणूस औषधालाही नाही. पहिला आठवडा मी खिडकीत बसून कोण दिसतंय का बघत होते. दिसायची ती कुत्री, मालकांना फिरवायला निघालेली. कोपऱ्यावरच्या दुकानाला तिथे डेअरी म्हणतात. मी आपली स्टीलची किटली घेऊन सुट्टं दूध आणायला गेले. आत पेपर, आइस्क्रीम आणि लॉटरीची तिकिटं! दुकानदार गुजराती निघाला, म्हणून माझी लाज राहिली. त्याची आईही पहिल्या दिवशी किटली घेऊनच आली होती म्हणे.

नात इरा नऊ वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. "इरा, चपला घाल." "दे आर जँडल्स, आजी." बरं बाई, जँडल्स घाल.

इराची जिवाभावाची मैत्रीण सेलाम, चार घरं सोडून राहणारी. तिची आई अल्माझ मृणालच्याच हॉस्पिटलात नर्स. दोघी मायलेकी इथिओपियाच्या. ही त्यांची खरी नावं नव्हेत. अल्माझला फोनवर विचारूनच हे लिहिते आहे. "लिही, पण नावं बदल," एवढंच ती म्हणाली.

तिने मला एकदा दुपारी जेवायला बोलावलं. मी मनातून धास्तावलेली, काय पुढ्यात येतंय कोण जाणे! आलं ते ताटाएवढं घावन. अगदी घावनच हो, फक्त आंबट आणि जाळीदार. त्यांच्या देशातलं धान्य न्यूझीलंडात मिळत नाही म्हणून ती तांदळाचं पीठ आंबवून करते. त्यावर डाळ, पालेभाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारं एक लाल तिखट. एकच ताट, सगळ्यांनी त्यातच हाताने जेवायचं. जेवता जेवता अल्माझने एक घास केला आणि सरळ माझ्या तोंडात घातला. त्यांच्याकडे पाहुण्याचा मान असाच करतात. आपल्याकडे लग्नात नवरानवरी सोडली तर मोठ्या माणसाला कोण भरवतं? आई गेल्यापासून मला कुणी घास भरवला नव्हता. तिखटाचं निमित्त करून मी डोळे पुसले.

मग कॉफी. हिरव्या बिया समोर भाजायच्या, धूर पाहुण्याच्या नाकाशी न्यायचा, आणि तीनदा कॉफी घेतल्याशिवाय उठायचं नाही. पहिल्या कपाला ती म्हणाली, "आम्ही हबेशा." आपण कोकणी म्हणतो ना, तितक्या सहज आणि तितक्याच तोऱ्यात. माझ्या अंगावर काटा आला. काळ्या पोराला चिडवायला आमच्याकडे वापरतात तो 'हबशी' शब्द हाच! दुसऱ्या कपाला मी तिला जंजिऱ्याचं सांगितलं. तुमच्याकडची पोरं गलबतात घालून आमच्या किनाऱ्यावर विकायला आणायचे, त्यातलीच काही पुढे सरदार झाली, राज्य करू लागली. निजामशाहीचा तो वजीर, ज्याने मोगलांना दमवलं, औरंगाबादला पाणी आणलं, तोही लहानपणी बाजारात विकला गेलेला. ती कप हातात धरून ऐकत राहिली.

तिसऱ्या कपाला तिने तिचं सांगितलं. तिची पणजी गुलाम होती. लहानपणी दक्षिणेकडून पकडून आणली आणि एका जमीनदाराच्या घरी विकली. "आमच्या गावात लोक अजून विसरले नाहीत," अल्माझ म्हणाली. "माझ्या लग्नातसुद्धा पाठीमागे बोलत होते, ही त्या बाईची पणती. सेलामला यातलं काही माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. इथे ती कुणाची कुणी नाही, नुसती सेलाम आहे. त्यासाठीच मी एवढ्या लांब आले." आणि मग म्हणाली, "तुझ्या मुलीलाही सांगू नकोस." मी तिच्या हातावर हात ठेवला.

अप्पर हट

निखिलरावांचे कॉलेजचे मित्र खूप दक्षिणेला, अप्पर हट नावाच्या गावी असतात, त्यांच्याकडे दोन दिवस गेलो. गाडीतला दिवसभराचा प्रवास सांगण्यासारखा नाही. इराला दोनदा उलटी झाली, एवढं पुरे. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, पाणी असं गार की पाय घातला तर बधिर. तरी पोरं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून त्यात उड्या मारत होती आणि वर "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे 'झकास!', असं ओरडत होती.

तिथून जवळच एका जुन्या गोऱ्या जमीनदाराचं घर आहे, आता म्युझियम केलेलं. रिमू नावाच्या तिकडच्या झाडाच्या लाकडाच्या भिंती, पियानो, लेसचे पडदे. दाखवायला एक गोड आजीबाई, ॲप्रन बांधून. "किआ ओरा, किआ ओरा," असा माओरी भाषेतला नमस्कार करत तिने आम्हाला स्कोन, म्हणजे छोटे गोड पाव, दिले. पुढच्या खोलीत एक तक्ता टांगला होता. ब्रिटिशांनी गुलामांचा व्यापार बंद केला त्याला यंदा, २००७ साली, दोनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने. नकाशावर आफ्रिकेतून बाण निघालेले, सगळे पश्चिमेला. आमच्या समुद्रात एकही बाण नाही. म्हटलं, बरोबरच आहे, आम्ही कुणाच्या खिजगणतीत?

आजीबाई सांगू लागली. घराचे पहिले मालक आधी वेस्ट इंडीजमध्ये होते, तिकडे त्यांचे उसाचे मळे होते. गुलामगिरी बंद झाल्यावर सरकारने त्यांना नुकसानभरपाई दिली, ती घेऊन त्यांनी इथे जमीन घेतली आणि हे सुंदर घर उभारलं. "नशीब आमचं," ती म्हणाली, "न्यूझीलंडला गुलामगिरीचा डाग नाही."

मी स्कोन बशीत ठेवला.

"नुकसानभरपाई कुणाला?" मी विचारलं. माझं इंग्रजी शाळेतलं आहे, पण वाक्य पुरं होतं.

"मालकांना, डिअर."

"आणि गुलामांना काय मिळालं?"

"त्यांना? त्यांना स्वातंत्र्य मिळालं!"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "कसलं स्वातंत्र्य? कायदा झाल्यावरही पुढची काही वर्षं त्यांना त्याच मालकाकडे फुकट राबवलं, 'उमेदवार' म्हणून. चोराच्या घरातून माल सोडवायचा आणि चोरालाच भरपाई द्यायची, हा कुठला न्याय? तुमच्या या पियानोत, या पडद्यांत, या भिंतींत त्या माणसांचं रक्त आहे. आणि ज्या जमिनीवर हे घर आहे ती माओरींची. डाग नाही म्हणता? अहो बाई, हे घर म्हणजेच डाग आहे!"

आजीबाई लालबुंद झाली. "मी फक्त व्हॉलंटिअर आहे," एवढंच म्हणाली. तिची कीव करावी की नाही, मला ठरवता येईना. माझा आवाज चढला होता, बाकीचे पाहुणे बघायला लागले होते. मृणालने माझा दंड धरला.

निखिलराव मात्र खूश! पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाले, "आई, धुतलंत हो तिला! यांना कुणीतरी सुनवायलाच हवं होतं." जेवताना मित्राला तेच रंगवून सांगितलं, माझा आवाज काढून. मित्राच्या बायकोने मला आग्रहाने आणखी एक पोळी वाढली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

पुन्हा रोटोटुना

परत आलो तो शिवजयंतीची धांदल. ऑकलंडच्या हेन्डरसनमध्ये मराठी मंडळींचा मोठा कार्यक्रम, त्यात हॅमिल्टनच्या मुलांचं नाटक. लिहिणारे, बसवणारे निखिलराव. नाव 'जंजिऱ्यावर झडप'. इरा मावळा झाली होती. आणि तिच्या हट्टाने सेलामलाही घेतलं होतं. "सिद्दी सरदार!" निखिलराव म्हणाले. "फेटा, तलवार, सगळं आहे. पोरगी एकदम खूश आहे."

मला कौतुक वाटलं. मग मी सहज शेवट विचारला. शेवटी म्हणे किल्ला पडतो, आणि सिद्दीला साखळदंड घालून महाराजांपुढे आणून गुडघ्यावर बसवतात.

"अहो निखिलराव," मी म्हटलं, "जंजिरा महाराजांना कधी मिळालाच नाही. मी मुरूडची आहे. किती प्रयत्न केले, समोर समुद्रात दुसरा किल्ला बांधला, पण जंजिरा नाही मिळाला. सिद्दीला साखळ्या घालून दरबारात आणलं, हे काढलंत कुठून?"

"आई, पोरांना विजय दाखवायचा असतो. इथे वाढणाऱ्या मुलांना प्राइड नको का?"

"प्राइडसाठी खोटं कशाला? आणि गुडघ्यावर बसवायला नेमकी सेलामच सापडली?"

"त्यात काय? मेकअपचा प्रश्नच नाही! बाकीच्या दोन सिद्दींना काजळ फासायला लागतंय." आणि हसले.

तुम्ही म्हणाल, तिथेच का नाही सुनावलं? सांगते. लेकीच्या घरी राहायचं, जावयाचं मीठ खायचं आणि जावयालाच बोलायचं, हे आमच्याकडे बसत नाही. जावई म्हणजे पाटावर बसवून ओवाळायचं माणूस. त्या आजीबाईला बोलताना मला कुणाची भीती नव्हती. इथे मृणाल ओट्याशी उभी राहून माझ्याकडे बघत होती, 'आई, नको' अशा डोळ्यांनी. आणि अल्माझचं सांगायची तर सोय नव्हती, शब्द दिलेला. तरी मी म्हटलं, "निखिलराव, साखळ्या तेवढ्या काढा. माझ्यासाठी काढा."

"बरं आई, काढतो," ते म्हणाले. जावयाने शब्द दिला, मी धरून चालले.

हेन्डरसन

हेन्डरसनचा हॉल मराठी माणसांनी गच्च भरला होता. नऊवाऱ्या, नथी, फेटे, ढोल, दाराशी भगवा. बटाटेवड्यांचा वास पार्किंगपर्यंत. इतक्या दिवसांनी एवढी मराठी कानावर पडली की मला तर भरून आलं. "कधी आलात काकू?" "किती दिवस आहात?" "विकेंडला या ना घरी!" माणसं खरंच चांगली हो. तेच तर दुखतं.

अल्माझ वेगळ्या गाडीने आली. पांढरा, सुंदर काठाचा पायघोळ झगा, डोक्यावर तसलीच ओढणी. घरी केलेला गोल पाव सगळ्यांसाठी आणला होता. कॅमेरा काढून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. कुणाकुणाला हसून सांगत होती, "माझी मुलगी सरदार आहे."

इराचा फेटा सुटला म्हणून मी पिना घेऊन आत गेले. मेकअपच्या खोलीत दोन पोरं तोंडाला काजळ फासून बसली होती, दात विचकून एकमेकांना घाबरवत होती. आणि आरशासमोर सेलाम. डोक्याला जरीचा फेटा, कमरेला तलवार, चेहरा आनंदाने फुललेला. निखिलराव वाकून तिच्या मनगटांना साखळी गुंडाळत होते. प्लास्टिकची नव्हे. कुत्र्याची, लोखंडी.

"आजी, लुक!" ती मला म्हणाली आणि साखळी खुळखुळवून दाखवली.

"निखिलराव, तुम्ही काढतो म्हणाला होतात."

"आई, शेवट पडतो हो त्याशिवाय. आता पडदा उघडायचाय, प्लीज."

"काढा ती."

मंडळाचे अध्यक्ष, पेठेकाका म्हणतात सगळे त्यांना, मध्ये पडले. "बाई, सांस्कृतिक कार्यक्रम आहे. लहान मुलांचं नाटक आहे. यात कशाला राजकारण?"

आता मात्र माझा तोल गेला. लेकीचं घर नाही आणि जावयाचा मान नाही! मी निखिलरावांकडे वळून म्हटलं, "परवा त्या गोऱ्या म्हातारीला मी बोलले तेव्हा राजकारण नव्हतं वाटतं? तेव्हा टपावर थापा मारत होतात! चौलला, वसईला हिच्याच लोकांची पोरं बाजारात उभी करायचे. पोर्तुगीज करायचे, अरब करायचे, आणि घ्यायला आपलेही पुढे असायचे. पुण्यात पेशवाईत बटकी न् कुणबिणी विकल्या-घेतल्या, त्या काय गोऱ्यांनी? त्या म्हातारीचे डाग मोजायला तुम्हाला आवडतं, आणि आपल्या घरात आलेल्या पोरीला कुत्र्याची साखळी घालताना हात कापत नाहीत? लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

"आई, हळू," मृणाल दारातून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे."

"अहो, तिला स्वतःला काही प्रॉब्लेम नाहीये!" निखिलराव चिडून म्हणाले. "सेलाम, यू ओके?"

सेलामने आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "इट्स जस्ट प्रिटेंड," ती म्हणाली.

मी बाहेर गेले. पहिल्या रांगेत अल्माझ कॅमेरा डोळ्याला लावून पडद्याकडे बघत होती. मी तिच्याजवळ बसले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की सेलामला शेवटी साखळी घालून स्टेजवर आणणार आहेत. कैदी म्हणून गुडघ्यावर बसवणार आहेत. आणि हे कधी घडलेलंच नाही.

तिने कॅमेरा खाली केला. उठली आणि माझ्यापुढे चालायला लागली.

आत गेल्यावर तिने आरडाओरडा केला नाही. करायला हवा होता, मला वाटतं. सेलामपुढे गुडघे टेकून बसली, साखळीचे वेढे एकेक करून सोडवले. नर्स आहे ती, पट्टी सोडवावी तसे सोडवले. मग उभी राहिली, साखळी निखिलरावांपुढे धरली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आता कोणतं मूल घालणार ही?"

"इट्स ओन्ली अ प्ले, अल्माझ," निखिलराव म्हणाले. "आमचा कुणाला दुखवायचा हेतू नव्हता. पोरांचा खेळ आहे."

"हो. कोणतं मूल?"

काजळ फासलेली पोरं आयांच्या मागे सरकली. मग इरा पुढे आली. पिनांनी आवळलेला फेटा, कपाळाला गंध, आणि दोन्ही हात पुढे केलेले. तिला वाटलं नाटक अडलंय, कुणीतरी घातली की झालं.

"आय विल डू इट, बाबा. यू सेड इट्स ओन्ली अ प्ले."

"नाही!" निखिलराव ओरडले. अल्माझच्या हातातली साखळी त्यांनी हिसकावलीच. "इरा, मागे हो! तू नाही घालायची!"

निखिलरावांच्या तोंडून निघून गेलं होतं, आणि निघून गेलंय हे त्यांनाही कळलं होतं. ते मराठीत होतं. पण अल्माझला त्यासाठी मराठी यायची गरज नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग इराच्या डोक्यावरून हात फिरवला, सेलामचा हात धरला आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

मी त्यांच्यामागे पार्किंगमध्ये धावले. सेलाम रडत होती. तिला अपमानाचं काही कळलं नव्हतं. तिला तलवार चालवायची होती, तिने सगळी वाक्यं पाठ केली होती, मराठीतली. "मी काय चूक केली?" ती आईला इंग्रजीत विचारत होती. "इराला नाही घालायची, मग मला का घालायची होती? मम्मा, मलाच का?"

अल्माझ तिचा फेटा सोडत होती. जरीचं कापड तिच्या हातात साठत चाललं होतं. ते तिने नीट घडी करून माझ्या हातात दिलं.

"मला माफ कर," मी म्हटलं.

"तू मला सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. सेलामला गाडीत बसवून तिने दार लावलं आणि मगच, मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने, पुढचं बोलली.

"पण तिने विचारलंय, आणि ती परत विचारणार. आज तुझ्यासमोर विचारलं, उद्या शाळेत विचारेल." तिने गाडीच्या किल्ल्या मुठीत आवळल्या होत्या. "माझी पणजी मी समुद्रापलीकडे पुरून आले होते. आता घर येईपर्यंत मला ती माझ्या मुलीला सांगावी लागेल."